रेड कंट्रोलरची देखभाल आणि वीज-बचत: सेटिंग कोणत्या क्रमाने बदलायची

रेड कंट्रोलर म्हणजे सर्व्हरमधल्या अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारं कार्ड; अशा जोडलेल्या डिस्कच्या गटाला ॲरे म्हणतात. या कार्डाची सेटिंग बदलताना बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. बिल वाढलं म्हणून आधी डिस्क झोपवण्याचा पर्याय चालू करतात. मग सर्व्हर हळू झाला म्हणून तपासण्या बंद करतात. बॅटरीकडे तर कोणी ढुंकूनही बघत नाही. पुढे एक डिस्क जाते, नवीन लावली जाते आणि रीबिल्ड (तिच्यावर डेटा पुन्हा उभा करणं) मध्येच अडकतो. दुसऱ्या डिस्कवरचे काही सेक्टर (डेटा ठेवायचे छोटे कप्पे) कधीचेच वाचता येत नव्हते आणि ते शोधून काढणारी तपासणी आपणच बंद केली होती, हे तेव्हा कळतं.

हा लेख इंदूरमधल्या छोट्या ऑफिसांसाठी आहे: तुकोगंजातलं सीएचं ऑफिस, क्लॉथ मार्केटमधली पेढी, एखादं सोनोग्राफी सेंटर. ४ ते ८ डिस्क, एक यूपीएस, काचेच्या केबिनमध्ये ठेवलेला सर्व्हर आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर बंद होणारा एसी. सेटिंगची नावं मेगारेड या कंट्रोलरच्या घराण्याची दिली आहेत, कारण डेलचे पर्क आणि लेनोवोची बरीच कार्डं त्याच घराण्यातली आहेत. एचपीई आणि अडॅप्टेक जिथे वेगळे पडतात, तिथे तसं सांगितलं आहे.

तयारी: काहीही बदलण्याआधी

१. कंट्रोलरचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर आहे का ते बघा. मेगारेडसाठी मेगारेड स्टोरेज मॅनेजर किंवा त्याच्यानंतर आलेलं एलएसए, आणि कमांडसाठी स्टोरसीएलआय. डेलवर पर्कसीएलआय, एचपीईवर स्मार्ट स्टोरेज ॲडमिनिस्ट्रेटर, अडॅप्टेकवर मॅक्सव्ह्यू. सर्व्हर बंद करून बूटच्या मेनूतून सेटिंग बदलायची सवय असेल तर ती सोडा. त्या मेनूत वेळापत्रकाचे पर्याय बहुधा अपुरे असतात, आणि प्रत्येक खेपेला सगळं ऑफिस थांबतं ते वेगळंच.

२. आत्ताची सगळी सेटिंग फाइलमध्ये उतरवून घ्या आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर ठेवा. त्याच ॲरेवर ठेवलेली नोंद ॲरे गेल्यावर काय कामाची?

३. प्रत्येक डिस्कसाठी एक ओळ लिहा: स्लॉट क्रमांक, सिरीयल नंबर, मीडिया एरर, इतर एरर, प्रेडिक्टिव्ह फेल्युअर (डिस्क लवकरच जाईल असा तिचा इशारा), तापमान. पुढचा सगळा निवाडा या तक्त्यावरून करायचा आहे, म्हणून ही दहा मिनिटं वाचवू नका.

४. बॅकअप घ्या आणि त्यातली निदान एक मोठी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. टॅलीचा डेटा असेल तर कंपनी उघडून शेवटची एंट्री दिसते का ते पाहा. ‘बॅकअप सक्सेसफुल’ या मेलवर भागवू नका.

सावधान: एखाद्या डिस्कसमोर प्रेडिक्टिव्ह फेल्युअरचा आकडा शून्याच्या वर असेल, किंवा मीडिया एरर आठवड्या-आठवड्याला वाढत असतील, तर इथेच थांबा. आधी डिस्क बदला, रीबिल्ड पूर्ण होऊ द्या, मग सेटिंगला हात लावा. फर्मवेअर अपडेटही त्याच दिवशी उरकू नका. नंतर काही बिघडलं तर ते अपडेटमुळे की सेटिंगमुळे, हे ठरवता येत नाही.

टप्पा १: कंट्रोलरचं घड्याळ

कंट्रोलरला स्वतःचं घड्याळ असतं आणि ते अनेकदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. बऱ्याच कार्डांवर तपासणीची ठरलेली वेळ शनिवार पहाटे ३ अशी दिसते. ती यूटीसी असेल तर आपल्याकडे शनिवारचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. ऑफिस उघडतं, सगळे लॉगिन करतात आणि नेमकी तेव्हाच तपासणी जोर धरते. ‘शनिवारी सर्व्हर का रडतो’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

कंट्रोलरच्या माहितीत कंट्रोलरची वेळ आणि सिस्टिमची वेळ अशा दोन ओळी असतात. दोन्ही कागदावर लिहा.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर घड्याळ दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. ड्रायव्हर ते पुन्हा यूटीसीवर नेऊन ठेवतो. त्यापेक्षा वेळापत्रक लिहितानाच साडेपाच तास वजा करा. फरक दिवसांचा किंवा वर्षांचा असेल, तर मात्र कंट्रोलरची वेळ सिस्टिमच्या वेळेशी जुळवणारी कमांड चालवा.

इथे वारसुद्धा बदलतो. रविवारी पहाटे दीडला तपासणी हवी असेल, तर कंट्रोलरवर शनिवार २० वाजता असं लिहायचं. स्टोरसीएलआयमध्ये सुरुवातीची वेळ पूर्ण तासातच देता येते, त्यामुळे आपल्याकडे ती नेहमी ‘साडे’वर पडणार. दीड किंवा अडीच. बरोबर दोन मिळणार नाही.

तपासा: बदल केल्यावर ‘नेक्स्ट स्टार्ट टाइम’ पुन्हा वाचा आणि त्यात साडेपाच तास मिळवून वार व वेळ तोंडाने म्हणा. चुका बहुतेक वाराच्याच होतात.

टप्पा २: बॅटरी आणि कॅश

कंट्रोलरवरची कॅश (डेटा तात्पुरता ठेवायची मेमरी) राइट बॅकवर असेल, तर डेटा डिस्कवर पोचण्याआधीच ‘लिहिलं’ असं उत्तर मिळतं. वीज गेली तर तो डेटा बॅटरीच्या जिवावर टिकतो. जुन्या लिथियम बॅटरीवर साधारण ४८ ते ७२ तास, तेही बॅटरी नवी असताना. कॅशव्हॉल्ट प्रकारात सुपरकॅपॅसिटर असतो. तो वीज जाताच कॅशमधलं सगळं फ्लॅशमध्ये उतरवतो, त्यामुळे तिथे तासांची मर्यादा नसते. आपल्याकडे यांपैकी काय आहे ते आधी ओळखा. सिल्व्हर मॉलमधून किंवा इतर कुठून रिफर्बिश्ड सर्व्हर घेतला असेल, तर बॅटरीच्या उत्पादनाची तारीखही बघा.

मग लर्न सायकल. कंट्रोलर ठरावीक काळाने, बहुतेक कार्डांवर महिन्यातून एकदा, बॅटरी रिकामी करून पुन्हा भरतो आणि तिची खरी क्षमता मोजतो. जुन्या बॅटरीत याला काही तास लागतात. तेवढा वेळ कॅश राइट बॅकवरून राइट थ्रूवर (डेटा डिस्कवर पोचल्यावरच ‘लिहिलं’ म्हणणं) जाते आणि सर्व्हर एकदम जड होतो. हे नेमकं जीएसटी भरायच्या दिवशी झालं की कोणीतरी वैतागून दोनपैकी एक चूक करतं.

पहिली चूक, ऑटो लर्न कायमचं बंद करणं. मग बॅटरीत खरोखर किती जीव आहे हे कंट्रोलरला कळतच नाही.

दुसरी, ‘ऑलवेज राइट बॅक’ निवडणं. यात बॅटरी मेलेली असली तरी कॅश तशीच चालू राहते. सर्व्हर पळतो खरा, पण वीज गेली की कॅशमधलं सगळं गेलं. यूपीएस आहे म्हणून हे चालतं असं म्हणणाऱ्यांनी एकच विचार करावा: सर्व्हरचा पॉवर सप्लायच जळला तर यूपीएस काय करणार?

बरोबर पद्धत अशी:

१. राइट पॉलिसी साधी ‘राइट बॅक’ ठेवा, म्हणजे बॅटरी ठीक असेल तरच कॅश वापरली जाईल.
२. लर्न सायकल एखाद्या शनिवारी रात्री स्वतः सुरू करा. पुढची तारीख तिथून मोजली जाते. ती कामाच्या दिवशी येत असेल तर थोडी पुढे ढकलायची सोय बऱ्याच कार्डांवर असते, साधारण आठवडाभरापर्यंत.
३. डिस्कची स्वतःची कॅश बंद ठेवा. कंट्रोलरची बॅटरी तिला वाचवत नाही. हा पर्याय ‘डिस्क कॅश पॉलिसी’ या नावाने वेगळा असतो आणि हमखास नजरेतून सुटतो.

तपासा: लर्न संपल्यावर बॅटरीची अवस्था ‘ऑप्टिमल’ आणि ॲरेची चालू पॉलिसी राइट बॅक दिसली पाहिजे. ठरवलेली पॉलिसी आणि चालू पॉलिसी अशा दोन वेगळ्या ओळी असतात. चालू असलेली वाचा.

इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० अंश असताना बंद केबिनमध्ये लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. बॅटरीचं तापमान सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. ते रोज ४५ च्या वर जात असेल, तर आधी हवा खेळेल अशी व्यवस्था करा. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार पंख्यांचा वारा गृहीत धरून बनवलेली असतात. साध्या डेस्कटॉप कॅबिनेटमध्ये बसवली तर त्यांच्यासमोर वेगळा पंखा लावावाच लागतो.

टप्पा ३: पेट्रोल रीड

पेट्रोल रीड म्हणजे डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचून बघणं. खराब सेक्टर सापडला तर कंट्रोलर त्यातला डेटा बाकीच्या डिस्कवरून काढून पुन्हा लिहितो. हॉट स्पेअर, म्हणजे आधीच लावून ठेवलेली राखीव डिस्क, हीसुद्धा यात वाचली जाते. वर्षभर रिकामी बसलेली स्पेअर ऐनवेळी दगा देते, म्हणून हे महत्त्वाचं.

रेड ५ मध्ये (एकच डिस्क गेली तर डेटा टिकतो, दुसरी गेली की नाही) ही तपासणी बंद ठेवणं फार महागात पडतं. एक डिस्क गेल्यावर रीबिल्डला उरलेल्या सगळ्या डिस्कचा सेक्टर न सेक्टर वाचावा लागतो. त्यात एखादा वाचता आला नाही तर तिथला पट्टा (सगळ्या डिस्कवर मिळून असलेला तेवढा भाग) पंक्चर म्हणून नोंदला जातो. त्याच्यातल्या फाइल्स गेल्या. रीबिल्ड पूर्ण झाल्याचं दिसलं तरी गेल्या.

१. मोड ‘ऑटो’ ठेवा. ‘मॅन्युअल’ म्हणजे व्यवहारात बंदच, कारण हाताने चालवायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.
२. अंतर १६८ तास, म्हणजे आठवडा. हेच मूळ सेटिंग असतं, ते राहू द्या.
३. सुरुवात बुधवारी रात्री साडेआठला करा: कंट्रोलरवर बुधवार १५ वाजता. वीकएंड पुढच्या तपासणीसाठी मोकळा ठेवायचा आहे.
४. एसएसडीवर पेट्रोल रीड मुळातच बंद असतं. तसंच ठेवा.

कामाच्या वेळेत ती चालू राहिली तरी फार बिघडत नाही. ऑफिसचं वाचन-लेखन आलं की पेट्रोल रीड मागे सरकतं. एचपीईच्या स्मार्ट ॲरेवर याच कामाला सरफेस स्कॅन म्हणतात. त्याची प्रायॉरिटी ‘आयडल’ ठेवा, ‘डिसेबल्ड’ नको.

टप्पा ४: कन्सिस्टन्सी चेक

हे वेगळं काम आहे आणि इथेच लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पेट्रोल रीड विचारतं, सेक्टर वाचता येतो का? कन्सिस्टन्सी चेक विचारतं, डेटा आणि पॅरिटी (गेलेला डेटा परत काढण्यासाठी लिहिलेली जादा माहिती) एकमेकांशी जुळतात का? एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. रेड १, ५, ६, १० या सगळ्यांना तो लागतो. रेड ० मध्ये जुळवायला काही नसतंच.

चेक चालवण्याआधी एक गोष्ट ठाऊक हवी. फरक सापडला तर कंट्रोलर खरं-खोटं करत बसत नाही. रेड ५ मध्ये तो डेटा बरोबर धरून पॅरिटी नव्याने लिहितो, आणि मिररमध्ये (रेड १ आणि १०, जिथे डेटाच्या दोन प्रती असतात) एका डिस्कची प्रत दुसरीवर उतरवतो. चुकीची प्रत पहिल्या डिस्कवर असेल तर तीच दोन्हीकडे जाते. तयारीत बॅकअप उघडून बघायला सांगितलं, ते यासाठी.

वर्षानुवर्षं चेक न झालेला ॲरे असेल तर पहिली फेरी अशी करा:

१. ‘स्टॉप ऑन एरर’ चालू करा.
२. लांब सुट्टी निवडा. रंगपंचमीला गेरमुळे (रंगांच्या मिरवणुकीमुळे) राजवाड्याच्या बाजूची ऑफिसं तशीही बंद असतात, पण सीएंनी मार्चच्या वाटेला जाऊ नये. दिवाळी बरी.
३. चेक थांबला तर कंट्रोलरची नोंदवही (लॉग) वाचा. फरक कुठल्या ॲरेवर आहे आणि त्याच सुमाराला कोणत्या डिस्कने एरर दिला आहे का ते पाहा.
४. संशयित डिस्क नसेल, आणि ॲरे बनवताना घाईत फास्ट इनिशियलायझेशन (वरवरची तयारी) करून पुढचं बॅकग्राउंड इनिशियलायझेशन (मागाहून पॅरिटी लिहिणं) पूर्ण होऊ दिलं नसेल, तर फरक भरपूर निघतील. ते पॅरिटी कधी नीट लिहिलीच गेली नसल्याचे असतात. बॅकअप खात्रीचा असेल तर ‘स्टॉप ऑन एरर’ काढा आणि चेक पूर्ण होऊ द्या.

नेहमीच्या वेळापत्रकासाठी दर चार आठवड्यांनी एकदा पुरे. अंतर तासांत लिहायचं असेल तर ७२० लिहू नका. ७२० तास म्हणजे ३० दिवस, आणि वार दर खेपेला दोनने सरकतो: रविवारचा चेक पुढच्या वेळी मंगळवारी येतो, मग गुरुवारी. ६७२ तास लिहा, म्हणजे बरोबर २८ दिवस आणि वार तोच. सुरुवात रविवारी पहाटे दीडला, कंट्रोलरवर शनिवार २० वाजता.

एकापेक्षा जास्त ॲरे असतील तर ‘कॉन्करंट’ऐवजी ‘सिक्वेन्शियल’ निवडा, म्हणजे एकामागून एक तपासले जातील.

सावधान: उन्हाळ्यात रविवारी एसी बंद असतो. ४ टीबीच्या चार डिस्कचा चेक रात्री दीडला सुरू झाला तर दुपारपर्यंत सहज चालतो, आणि भर दुपारी बंद केबिनमध्ये सगळ्या डिस्क पूर्ण कामावर असतात. एप्रिल ते मध्य जून एसी तरी चालू ठेवा, नाहीतर डिस्कचं तापमान ५० च्या वर गेलं की चेक ‘पॉज’ करून रात्री ‘रिझ्युम’ करा. पावसाळ्याच्या आधी वीज कंपनी देखभालीसाठी पुरवठा बंद ठेवते. त्याच्या सूचना पेपरात येतात. तो दिवस टाळा.

टप्पा ५: रेट, म्हणजे कोणत्या कामाला किती जोर

रीबिल्ड, पेट्रोल रीड, कन्सिस्टन्सी चेक, बॅकग्राउंड इनिशियलायझेशन, रीकन्स्ट्रक्शन या प्रत्येकाला टक्क्यांत एक रेट असतो आणि मूळ आकडा बहुतेक ३० असतो. टक्के म्हणजे वेग नव्हे. ऑफिसचं काम आणि हे काम एकाच वेळी आलं तर कोणाला किती वाव द्यायचा, याचं ते प्रमाण आहे.

पेट्रोल रीड आणि चेक ३० वर, फार त्रास होत असेल तर २० वर. ५ किंवा १० वर नेऊ नका. एक फेरी संपायच्या आत दुसरीची वेळ येते.

रीबिल्डचं वेगळं आहे. ४ टीबीची डिस्क सरासरी १५० एमबी प्रति सेकंदाने भरली तरी साडेसात तास लागतात, ८ टीबीला पंधरा. हा रिकाम्या सर्व्हरचा हिशेब झाला. कामाच्या दिवशी दुप्पट-तिप्पट धरा. रेड ५ मध्ये तेवढा वेळ तुम्ही एका डिस्कच्या अंतरावर उभे असता. म्हणून आमचं मत: रेड ५ ला रीबिल्ड रेट ६० ठेवा, आणि दिवसभर टॅली हळू चालेल हे ऑफिसला आधीच सांगून ठेवा. रेड ६ किंवा १० ला ३० ते ४० चालतो.

रीकन्स्ट्रक्शन, म्हणजे डिस्क वाढवणं किंवा रेडचा प्रकार बदलणं, एकदा सुरू केलं की मध्ये थांबवता येत नाही. त्याचा रेट वाढवण्यापेक्षा ते कधी सुरू करायचं याचा विचार जास्त करा.

टप्पा ६: वीज-सेटिंग, सगळ्यात शेवटी

आधी हिशेब करू. ३.५ इंची डिस्क रिकामी फिरताना सुमारे ५ वॉट घेते. एक हॉट स्पेअर वर्षभर झोपवली तर साधारण ४४ युनिट वाचतात. ८ रुपये युनिट धरलं तर वर्षाचे साडेतीनशे रुपये. चार डिस्कच्या सर्व्हरवर यासाठी डोकं लढवण्यात अर्थ नाही; रात्री चालू राहणारे मॉनिटर बंद केले तर याहून जास्त वाचेल. बारा-सोळा डिस्कचं जुन्या कामांचं भांडार असेल तर मात्र विचार करावा.

१. ‘अनकॉन्फिगर्ड’ डिस्क, म्हणजे कुठल्याच ॲरेत नसलेल्या: झोपवायला हरकत नाही.

२. हॉट स्पेअर: झोपवता येते, पण पेट्रोल रीड तिच्यापर्यंत पोचतंय हे नोंदवहीत बघून मगच.

३. चालू ॲरेतल्या डिस्क: पॉवर सेव्ह ‘नन’. दिवसातून दहा वेळा झोपणं-उठणं डिस्कच्या मोटरला आणि हेडला मानवत नाही. शिवाय जागं व्हायला १५-२० सेकंद लागतात, तेवढ्यात एखादा अकाउंटिंग प्रोग्राम कनेक्शन तोडून मोकळा होतो.

४. फक्त वाचण्यासाठी ठेवलेला जुन्या फाइलींचा ॲरे: झोपण्याआधीचा वेळ मोठा ठेवा. अडॅप्टेकवर ‘स्टे अवेक’ नावाची सोय आहे. त्यात ऑफिसची वेळ लिहा म्हणजे त्या काळात डिस्क झोपणार नाहीत. तिथेच झोपलेली डिस्क अधूनमधून जागी करून तपासायचा पर्यायही असतो, तो चालू ठेवा.

सीसीटीव्हीच्या ॲरेला यातलं काहीच लागू नाही. तिथे लिहिणं थांबतच नाही.

उपयोगाचं खरं वीज-सेटिंग वेगळंच आहे: स्पिन-अप, म्हणजे डिस्क फिरायला लागणं. ३.५ इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. आठ डिस्क एकदम उठल्या तर १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॉटचा झटका फक्त डिस्कचा. प्रोसेसर आणि पंखे वेगळे. वीज आल्यावर छोटा यूपीएस ‘ओव्हरलोड’ म्हणत पुन्हा बंद पडतो तो बऱ्याचदा इथे. एका वेळी किती डिस्क उठवायच्या आणि मध्ये किती सेकंद थांबायचं, असे दोन आकडे कंट्रोलरवर असतात. एका वेळी दोन आणि मध्ये सहा सेकंद ठेवा. बूटला अर्धा मिनिट जास्त लागेल, लागू दे.

ऑपरेटिंग सिस्टिमकडेही बघा. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘हार्ड डिस्क बंद करा’ इथे ‘नेव्हर’, आणि पीसीआय एक्स्प्रेसची लिंक स्टेट वीज-बचत ‘ऑफ’. कंट्रोलर मध्येच गायब होऊन परत आल्यासारखा दिसण्यामागे कधीकधी ही दुसरी सेटिंग असते. एचपीईच्या कार्डावर ‘पॉवर मोड’ असतो: मिनिमम, बॅलन्स्ड, मॅक्झिमम परफॉर्मन्स. हवा नीट खेळत असेल तर शेवटचा, नाहीतर बॅलन्स्ड.

टप्पा ७: अलर्ट आणि खात्री

ईमेल अलर्ट लावा आणि चाचणी मेल खरोखर येतो का ते पाहा. मेल अशा माणसाकडे जाऊ द्या जो रविवारीही तो उघडेल. बझर वाजायला लागला तर ‘सायलेन्स’ दाबा. ‘डिसेबल’ त्याच्या शेजारीच असतं आणि ते दाबलं तर पुढची डिस्क गेल्यावर कार्ड तोंड उघडणार नाही.

सर्व्हर एकदा नीट रीस्टार्ट करा आणि सगळे आकडे परत वाचा. काही सेटिंग रीस्टार्टनंतरच लागू होतात, तर काही तेव्हाच मूळ आकड्यावर परत गेलेल्या सापडतात.

पहिल्या गुरुवारी नोंदवहीत पेट्रोल रीड सुरू झाल्याची वेळ शोधा. रात्री साडेआठऐवजी दुपारी तीन दिसत असतील, तर नोंदवही यूटीसी दाखवते आहे की घड्याळ आपल्याच वेळेवर असताना वेळापत्रकात साडेपाच तास उगाच वजा झाले, हे आधी ठरवा. त्या वेळी डिस्कचे दिवे खरोखर लवत होते का, हे पाहिलं की लगेच कळतं.

पाच आठवड्यांनी तयारीतला तक्ता काढून मीडिया एररचे आकडे शेजारी लिहा. पहिल्या पेट्रोल रीडनंतर आकडा एकदाच उडी मारून थांबला असेल तर ते जुनं साचलेलं बाहेर आलं. दर आठवड्याला वाढतच असेल तर त्या स्लॉटसाठी डिस्क मागवा, आणि काढताना स्लॉट क्रमांकाबरोबर सिरीयल नंबरही जुळवून पाहा. शेजारची चांगली डिस्क ओढून काढणारे कमी नाहीत.